समन्वयक नेमली, पण निर्णय कोणी घ्यायचे?

कोथरूडहून एका वाचक मुलीने पाठवलेल्या पत्राचा आशय असा आहे:

"माझे लग्न येत्या फेब्रुवारीत पुण्यात आहे. मुहूर्त सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा आहे. मी हिंजवडीला नोकरी करते, माझा होणारा नवरा बंगळुरूला असतो आणि त्याचे घर नागपूरला आहे. धावपळ झेपणार नाही म्हणून आम्ही दोघांनी एक वेडिंग कोऑर्डिनेटर नेमली. पहिल्याच भेटीत तिने रंगसंगती, प्रवेशाचे गाणे आणि फोटोंच्या जागा विचारल्या. मग एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. त्यात दोन्ही घरची वीसेक माणसे आहेत आणि प्रत्येक जण तिला सूचना देतो. गेल्या आठवड्यात तिने कार्यालयाच्या सजावटीचा आराखडा पाठवला, त्यात रुखवताला जागाच नव्हती. आई वर्षभर रुखवताची तयारी करते आहे. ती फारसे काही बोलली नाही. 'लग्न परक्या माणसाच्या हाती दिलेत, आता माझे काय काम?' एवढेच म्हणाली. आमचे चुकले का? तिच्यावर किती सोपवायचे, आणि आईला काय सांगायचे?"

सप्रेम नमस्कार.

समन्वयक नेमण्यात तुमचे काहीही चुकलेले नाही. हे काम नवे नाही, ते पैसे देऊन करून घेण्याची पद्धत तेवढी नवी आहे. पूर्वी प्रत्येक घरात एखादे काका किंवा आत्या असत, ज्यांच्या पिशवीत किल्ल्या, याद्या आणि सुटे पैसे असत, ज्यांना आचाऱ्याशी कसे बोलायचे हे माहीत असे आणि ज्यांच्या शब्दापुढे मांडवात कोणी जात नसे. आता ते काका दुसऱ्या शहरात राहतात, आत्यांचे गुडघे दुखतात, आणि वधू-वर दोघेही नोकरीतून आठवड्याची रजा मिळवताना मेटाकुटीला येतात. अशा वेळी जाणत्या व्यक्तीची मदत घेणे शहाणपणाचेच आहे.

तुमच्या बाबतीत बिघडला आहे तो कामाचा क्रम. लग्नात काय व्हावे हे तुम्ही दोघांनी आणि दोन्ही घरांनी ठरवायचे असते, आणि ठरलेले घडवून आणणे हे समन्वयकाचे काम असते. जे ठरलेले नसते ते ती स्वतःच्या अनुभवातून भरून काढते, म्हणजे आधी केलेल्या दहा लग्नांतून तुमच्या लग्नात आणून ठेवते. रुखवताची जागा अशीच गेली. कोणी मुद्दाम ती काढली असेल असे मला वाटत नाही. तिला रुखवताविषयी कोणी सांगितले नाही, आणि तिनेही विचारले नाही. मात्र पहिल्या भेटीत रंगांच्या आधी 'तुमच्या घरी कोणती गोष्ट राहून गेली तर मनाला लागेल?' हे विचारणे तिचे कर्तव्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगली समन्वयक पहिला तासभर फक्त ऐकते.

म्हणून आता एक पाऊल मागे यावे. तिच्याशी पुढची बैठक होण्याआधी तुम्ही दोघांनी, फक्त दोघांनी, एक संध्याकाळ काढून बोलावे. तो बंगळुरूला असला तर फोनवर, पण घाईत नव्हे. सर्वांत आधी ठरवायचे ते लग्न कोणत्या पद्धतीने लावायचे हे. मुहूर्त काढला आहे म्हणजे विधी वैदिक पद्धतीने होणार असे दिसते, पण त्यातही दोन्ही घरांचे रिवाज वेगळे असतील, कारण नागपूरकडची आणि पुण्याकडची लग्ने सगळ्याच बाबतींत सारखी नसतात. पुण्यात निवडीला वाव पुष्कळ आहे. ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने विवाहसंस्कार करणाऱ्या पुरोहितांत स्त्रियाही आहेत आणि तेथे मंत्रांचा अर्थ मराठीतून सांगितला जातो. पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची सत्यशोधक पद्धत तर याच शहरात, १८७३ साली, महात्मा फुल्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. कोणाला १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे असेल, तर विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ते दिवस नियोजनात धरावे लागतात. पद्धत ठरली की विधींना लागणारा वेळ कळतो, वेळ कळला की जेवणाची वेळ ठरते, आणि तिथून पुढे सजावटीपर्यंतच्या सगळ्या गोष्टी रांगेने येतात. रंगसंगतीपासून सुरुवात केली की हीच साखळी उलटी ओढावी लागते आणि मग प्रत्येक विधी सजावटीत बसवण्याची धडपड सुरू होते.

दुसरी गोष्ट पैशांची. एकूण खर्च किती, त्यातला कोणत्या घराचा किती आणि तुमचा दोघांचा स्वतःचा किती, हे समन्वयकासमोर बसण्याआधी नक्की झालेले असावे. आपल्याकडे लग्न ठरल्यावर 'याद्या' करण्याची पद्धत होती आणि अनेक घरांत ती आजही आहे. मानपान, दागिने, कपडे, कार्यालय, जेवणावळी यांपैकी काय कोणाकडे, हे कागदावर लिहून दोन्हीकडची वडीलधारी माणसे त्यावर सह्या करीत. त्या याद्यांतून देण्याघेण्याचा जाचही झाला, आणि तो भाग सोडूनच द्यायला हवा, शिवाय हुंडा मागणे आणि देणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु कोणाची काय जबाबदारी हे आनंदाच्या दिवसांत लिहून ठेवायचे, म्हणजे लग्नाच्या दिवशी वाद उरत नाही, ही त्यामागची समज अतिशय पक्की होती. तुम्ही दोघांनी अशी एक यादी करा, दोन्ही आईवडिलांना वाचून दाखवा आणि तीच समन्वयकाच्या हातात द्या. तिच्याशी करायच्या कराराचा पायाही तीच यादी होईल.

कराराविषयी थोडक्यात लिहिते. समन्वयकाचे मानधन काही ठिकाणी ठरावीक रकमेत असते, काही ठिकाणी एकूण खर्चाच्या टक्केवारीत. टक्केवारी असेल तर खर्च वाढला की तिचे मानधनही वाढते, म्हणून मला ठरावीक रक्कम अधिक योग्य वाटते. डेकोरेटर, केटरर किंवा छायाचित्रकार तिने सुचवला असेल, तर त्यांच्याकडून तिला काही मिळते का हे सरळ विचारावे. त्यात संकोच नको; प्रामाणिक समन्वयक सरळ उत्तर देते. तिने फक्त लग्नाच्या दिवसाचे काम घेतले आहे की आधीची सगळी ठरवाठरवही, जीएसटी धरून किती रक्कम, हप्ते कधी, सीमांतपूजनाची संध्याकाळ आणि रात्रीचे स्वागत दोन्ही त्यात येतात का, आणि ती स्वतः हजर राहणार की तिचा एखादा सहकारी, हे लेखी घ्यावे.

जेवणाच्या ताटांचा आकडा हा समन्वयक आणि घरची मंडळी यांच्यात हमखास गैरसमज करणारा विषय आहे. केटरर किमान ताटांची संख्या आधी ठरवून घेतो आणि लग्नाच्या काही दिवस आधी पक्का आकडा मागतो. समन्वयक निमंत्रितांकडून 'येणार की नाही' याचे उत्तर मागवू पाहते, पण आपल्या पत्रिकेवर आपणच 'सहकुटुंब सहपरिवार' असे लिहिलेले असते, आणि एका पत्रिकेवर दोन माणसे येतील की सात, हे निमंत्रितांना विचारणे आपल्या वडीलधाऱ्यांना अपमानाचे वाटते. हा आकडा कोणत्याही तक्त्यातून निघत नाही. तो घरातल्या अशा माणसाकडूनच मिळतो, जिला कोणत्या घरातून कोण येते, कोण फक्त अक्षतांना येऊन जाते आणि कोण संध्याकाळी येते हे पाठ असते. तुमच्या घरी ती व्यक्ती बहुधा तुमच्या आईच असाव्यात.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे येते, कारण समन्वयकाचा खरा उपयोग तिथे आहे. तिच्याकडून मिनिटांचे वेळापत्रक मागा, आणि ते मुहूर्तापासून मागे मोजलेले असू द्या. ११ वाजून ४२ मिनिटांनी शेवटची मंगलाष्टका संपून अक्षता पडायला हव्यात. म्हणजे सव्वाअकरा-साडेअकराच्या दरम्यान अंतरपाट धरलेला हवा. मंगलाष्टका म्हणायला घरातले कितीजण उभे राहणार आहेत, हे गुरुजींना आणि समन्वयकाला आधी माहीत हवे. तुमच्या मावशीने स्वतः रचलेली चार कडवी असतील आणि नागपूरच्या काकांचीही असतील, तर त्यांची नावे, क्रम आणि माईक कोण देणार हे आदल्या दिवशीच ठरले पाहिजे. मुहूर्ताला पाच मिनिटे उरलेली असताना एखाद्या ज्येष्ठ माणसाच्या हातातून माईक घेण्याची वेळ कोणावर येऊ नये. त्याआधी गौरीहर. पावणेअकराला तुम्ही गौरीहरापाशी अन्नपूर्णेसमोर बसलेल्या असाल आणि तिथून मामा तुम्हाला बोहल्यावर नेतील. म्हणून मामा कोण, ते कुठे असतील आणि त्यांचा फोन नंबर काय, हे समन्वयकाच्या कागदावर सर्वांत वर लिहिलेले हवे. अनेक लग्नांत ऐन वेळी मामा खाली पाहुण्यांच्या गाड्या लावून देत असतात. सव्वादहापर्यंत साडी नेसून, केस आणि दागिने होऊन तुम्ही तयार हव्यात, म्हणजे पहाटे साडेसहा-सातलाच तयारीला बसावे लागेल, आणि तेवढ्या सकाळी सगळे हाताशी हवे तर कार्यालयाचा ताबा आदल्या दिवशी संध्याकाळपासून हवा. तो तुमच्या पावतीवर लिहिला आहे का, हे आजच पाहा. आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन असेल तर नागपूरची मंडळी रात्रभर प्रवास करून त्याच दिवशी सकाळी उतरतील. त्यांच्या जानवशाच्या खोल्या, अंघोळीचे गरम पाणी आणि पहिला चहा हेही समन्वयकाच्याच यादीत असले पाहिजे. वरपक्षाच्या मनात पुण्याच्या लग्नाचे पहिले मत त्या चहावर बनते, हे मी मनापासून सांगते.

अक्षता पडल्यानंतरचा दीड-दोन तास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच वेळापत्रकात दुर्लक्षित राहतो. आपल्याकडे अक्षता पडल्या की पाहुणे जेवणाकडे वळतात. समन्वयकाच्या दृष्टीने त्या क्षणी गर्दी हाताळण्याचा, स्टेजवर भेटायला येणाऱ्यांची रांग लावण्याचा आणि फोटोंचा वेळ सुरू होतो. परंतु विधींच्या दृष्टीने लग्नाचा गाभा त्यानंतरच येतो: कन्यादान, विवाहहोम, लाजाहोम, सप्तपदी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्येही म्हटले आहे की, ज्या पद्धतीत सप्तपदी आहे त्यात सातवे पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण आणि बंधनकारक होतो. तेव्हा सातवे पाऊल पडेपर्यंत वधूवरांना होमापासून उठवून फोटोला किंवा आहेराच्या रांगेला नेऊ नये, हे तिच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्या. छायाचित्रकाराला तिने आधीच सांगावे की होमाच्या वेळी दिवा आणि कॅमेरा गुरुजी व वधूवर यांच्या मधे येणार नाही, आणि सप्तपदीची पावले पुन्हा टाकायला लावायची नाहीत. ज्यांना सप्तपदी पाहायची आहे अशा जवळच्या मंडळींची पंगत थोडी उशिरा बसवावी. विहिणींची पंगत तर उशिराच असते. तुम्हा दोघांना सकाळपासून उपास घडलेला असेल, म्हणून होम संपताच दोन ताटे तुमच्यासाठी बाजूच्या खोलीत वाढून ठेवणे हेही तिच्याच कामात घाला.

यासाठी समन्वयक आणि गुरुजी लग्नाआधी एकदा प्रत्यक्ष भेटले पाहिजेत, फोनवर बोलून भागत नाही. गुरुजींना हवे असलेले साहित्य, होमकुंडाची जागा, धुराला वाट, पंखे कधी बंद करायचे, वरच्या मजल्यावरच्या नवरीला खाली यायला लागणारा वेळ, हे सगळे त्या एका भेटीत सुटते. लग्नाच्या दिवशीच गुरुजींकडून आणखी एक काम करून घेता येते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते, आणि त्या अर्जावर वधूवरांबरोबर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या पुरोहितांच्या सह्या लागतात. अर्जाची प्रत समन्वयकाच्या फायलीत आधीच असू द्या आणि दुपारच्या जेवणानंतर सह्या घ्या. पंधरा दिवसांनी गुरुजींना पुन्हा गाठणे, आणि नागपूरच्या साक्षीदाराला पुण्याला बोलावणे, यात नवरा-नवरीची पहिली सुट्टी जाते.

संध्याकाळच्या स्वागताविषयी एवढेच की ते लॉनवर असेल तर फेब्रुवारीत पुण्यात साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दोन्ही घरांचा एकत्र फोटो त्याआधी व्हावा, आणि रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही हे नागपूरच्या उत्साही मित्रमंडळींना आधीच कळवावे.

व्हॉट्सॲप ग्रुप मात्र आजच आवरा. वीस माणसांच्या सूचना ऐकणारी समन्वयक शेवटी सर्वांत मोठ्या आवाजाचे ऐकते. तुमच्याकडून एक आणि नागपूरकडून एक, अशी दोनच नावे तिला द्या. लग्नाच्या दिवशी ती नावे तुमची दोघांची नसावीत, कारण बोहल्यावर बसलेल्या माणसाला 'बासुंदी कमी पडते आहे' हे सांगून काही उपयोग नसतो. तुमच्याकडून एखादा चुलतभाऊ किंवा मैत्रीण निवडा, जिला नाही म्हणता येते आणि जी ते गोड शब्दांत म्हणते. ग्रुप राहू द्या, पण त्यावर फक्त वेळा आणि पत्ते जाऊ द्या.

आता आईविषयी. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शब्दांनी देऊ नका. 'आई, तू फक्त आराम कर, आनंद घे' असे तर अजिबात म्हणू नका. ज्या बाईने वर्षभर रात्री जागून मोत्यांची महिरप विणली, तिला आराम नको असतो, तिला आपला भाग हवा असतो. त्यांना त्यांचा भाग द्या आणि तो पूर्ण द्या. रुखवत पूर्णपणे त्यांच्याकडे राहील, कोणीही त्यात बदल सुचवणार नाही. गौरीहर कसा मांडायचा हे त्या सांगतील. व्याह्यांचे आणि विहिणीचे मानपान त्याच पाहतील. ताटांचा आकडा त्यांच्याच सल्ल्याने नक्की होईल. समन्वयकाने या चार गोष्टींत काही ठरवायचे नाही, त्यांना लागेल ते हजर करायचे, असे त्या यादीत लिहा.

रुखवताची व्यवस्था हे तिच्यासाठी साधे काम आहे, जर तिला नीट सांगितले तर. तीन टेबले, त्यांवर घालायच्या चादरी, भिंतीजवळची जागा, विजेची एक जोडणी, मांडायला आदल्या संध्याकाळी दोन तास, आणि गर्दीच्या वेळी तिथे उभा राहणारा एक माणूस, एवढेच लागते. प्रवेशद्वाराशी फोटोची जागा केली असेल तर ती हलवता येईल. रुखवत मात्र असे ठेवावे की विहिणी आणि नागपूरच्या बायका आत येतानाच ते पाहतील, कारण ते पाहण्यासाठीच असते. आणि एक गोष्ट सगळ्यांकडूनच राहून जाते: लग्नानंतर यातले काय नागपूरला जाणार, त्याची खोकी कोण भरणार, काचेच्या आणि साखरेच्या वस्तूंना वेगळे खोके लागेल का, आणि ती कोणत्या गाडीतून जाणार, हेही समन्वयकाकडे सोपवा.

पुढच्या बैठकीला आईंना बरोबर न्या. त्या बैठकीत पहिला अर्धा तास तुम्ही बोलू नका. आईंनी रुखवताची यादी वाचावी आणि समन्वयकाने ती स्वतःच्या हाताने लिहून घ्यावी. तिने जर मधेच 'काकू, हे बसणार नाही' असे म्हटले, तर शांतपणे विचारा की ते बसवायला काय हलवावे लागेल. या प्रश्नाचे उत्तर जिला देता येते तिच्याबरोबर पुढचे महिने सुखाने काम करता येईल. जिला ते देता येत नाही, तिला आत्ताच, पहिला हप्ता गेला असला तरीही, नम्रपणे नकार कळवायला फेब्रुवारीपर्यंत तुमच्याकडे पुरेसा वेळ आहे.

तुम्हा दोघांना आणि दोन्ही घरांना माझे मनःपूर्वक आशीर्वाद.